मिडी कीबोर्ड कंट्रोलरची निवड : संवादिनीवादकाच्या हाताच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : मिडी, कीबोर्ड कंट्रोलर, संवादिनी, भाता, मींड, पिच बेंड, श्रुती, दरपत्रक

१. प्रस्तावना

संगणकाच्या साहाय्याने संगीतनिर्मिती करणे हे आज केवळ मोठ्या ध्वनिमुद्रण केंद्रांपुरते मर्यादित राहिलेले नाही. महाविद्यालयांचे संगीत विभाग, सांस्कृतिक मंडळे व हौशी संगीतकारही एक संगणक, एक ध्वनिनिर्मितीची संगणकप्रणाली आणि एक मिडी कीबोर्ड कंट्रोलर एवढ्या सामग्रीवर चाली बांधू लागले आहेत. या तिन्हींपैकी वादकाच्या हाताचा प्रत्यक्ष स्पर्श केवळ कंट्रोलरला होतो. त्यामुळे त्याची निवड हा तांत्रिक प्रश्न वाटला तरी मुळात तो वादनाचा प्रश्न आहे.

कंट्रोलरच्या निवडीसंबंधीचे प्रचलित मार्गदर्शन बहुतांशी पियानो शिकलेल्या वादकाला समोर ठेवून केलेले असते. महाराष्ट्रात मात्र पट्ट्यांच्या वाद्याशी विद्यार्थ्याची पहिली ओळख बहुधा संवादिनीच्या, म्हणजेच पेटीच्या, माध्यमातून होते. संवादिनीवर तयार झालेला हात आणि पियानोवर तयार झालेला हात यांच्या सवयी भिन्न असतात. हा भेद लक्षात न घेता केवळ पट्ट्यांची संख्या आणि किंमत पाहून खरेदी केल्यास यंत्र डेड स्टॉक नोंदवहीत दाखल होते, परंतु विद्यार्थ्याच्या हाताशी त्याचे नाते जुळत नाही. प्रस्तुत लेखात या भेदाच्या आधारे निवडीच्या निकषांची फेरमांडणी करण्याचा प्रयत्न केला आहे.

२. उद्दिष्टे

१) मिडी संकेतप्रणाली व कीबोर्ड कंट्रोलर यांचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) संवादिनीवादनाच्या तंत्राच्या संदर्भात कंट्रोलरच्या विविध अंगांचे महत्त्व तपासणे.
३) खरेदीपूर्व चाचणी व दरपत्रकातील तपशील यांसंबंधी व्यवहार्य सूचना करणे.

३. मिडी संकेतप्रणाली : स्वरूप व विकास

मिडी म्हणजे ‘म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस’. निरनिराळ्या उत्पादकांची इलेक्ट्रॉनिक वाद्ये परस्परांशी जोडता यावीत, या गरजेतून ती निर्माण झाली. अमेरिकेतील सिक्वेन्शियल सर्किट्स या कंपनीचे डेव्ह स्मिथ यांनी १९८१ मध्ये अशा समान संकेतप्रणालीचा प्रस्ताव मांडला. जपानमधील रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांचा या कार्यात मोठा वाटा होता. जानेवारी १९८३ मध्ये दोन्ही कंपन्यांची वाद्ये जोडून जाहीर प्रात्यक्षिक दाखविण्यात आले आणि त्याच वर्षी मिडी १.० चे विनिर्देश प्रसिद्ध झाले. या कार्याबद्दल २०१३ मध्ये दोघांना तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार देण्यात आला.

येथे एक मूलभूत बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे. मिडीमधून ध्वनी वाहत नाही, सूचना वाहतात. वादकाने पट्टी दाबली की ‘अमुक क्रमांकाची पट्टी, अमुक वेगाने दाबली’ एवढाच संदेश पुढे जातो. पट्ट्यांना ० ते १२७ असे क्रमांक असतात. मधल्या सप्तकातील पांढरी १ चा क्रमांक ६०, काळी १ चा ६१, तर पांढरी ६ चा ६९ होय. पट्टी दाबण्याचा वेगही १ ते १२७ या अंकांतच सांगितला जातो. या सूचनेवरून सतारीचा स्वर निर्माण करावयाचा की बासरीचा, हे संगणकातील प्रणाली ठरविते.

कीबोर्ड कंट्रोलर म्हणजे असे सूचना पाठविणारे यंत्र. बहुतेक कंट्रोलरमध्ये ध्वनिनिर्मितीची सोय नसते, ध्वनिवर्धकही नसतो. बाजारात ‘कीबोर्ड’ म्हणून ओळखले जाणारे, अंगचे ध्वनी व ताल असलेले वाद्य हे त्याहून वेगळे आहे. अशा वाद्याचाही कंट्रोलर म्हणून उपयोग होऊ शकतो. मात्र ज्या ध्वनींचा संगणकासोबत उपयोग होणार नाही, त्यांचीही किंमत खरेदीदाराला मोजावी लागते. उलटपक्षी, संगणकाविना कार्यक्रमात वाजवावयाचे असेल तर केवळ कंट्रोलर घेऊन काम भागणार नाही. म्हणून उपयोग कोठे व्हावयाचा आहे, हे प्रथम निश्चित करणे अगत्याचे ठरते.

४. संवादिनी आणि कंट्रोलर : दोन हातांची कामे

हातपेटी वाजविताना उजवा हात पट्ट्यांवर असतो व डावा हात भाता चालवितो. पट्टी हळू दाबली काय किंवा जोराने दाबली काय, स्वराच्या मोठेपणात लक्षणीय फरक पडत नाही. स्वराचा चढउतार, त्यातील भरीवपणा, पंक्तीच्या शेवटी तो विरत जाणे, हे सर्व भात्यातील हवेच्या दाबावर अवलंबून असते. थोडक्यात, उजवा हात स्वर ठरवितो आणि डावा हात त्या स्वराला प्राण देतो.

पियानोमध्ये ही व्यवस्था अगदी वेगळी असते. तेथे पट्टी किती वेगाने दाबली यावर स्वराचे मोठेपण ठरते आणि एकदा हातोडी तारेवर पडली की त्या स्वराचा मोठेपणा वाढविता येत नाही. कंट्रोलरच्या पट्ट्यांची रचना या दुसऱ्या पद्धतीला अनुसरून झाली आहे. परिणामी, संवादिनीवादक प्रथमच कंट्रोलरवर हात ठेवतो तेव्हा काही स्वर कानठळ्या बसविणारे, तर काही अस्फुट असे उमटतात. हा वादकाचा दोष नव्हे. ज्या बाबीकडे त्याच्या बोटांनी कधी लक्ष देण्याची गरजच नव्हती, तीच बाब यंत्र मोजत असते.

मात्र याच यंत्राच्या डाव्या बाजूस बहुधा दोन चाके असतात. एक पिच बेंड व्हील, ज्याने स्वर वर-खाली सरकविता येतो. दुसरे मॉड्युलेशन व्हील, ज्याने ध्वनीचा एखादा गुणधर्म सातत्याने बदलता येतो. या दुसऱ्या चाकाकडे स्वराच्या मोठेपणाचे नियंत्रण सोपविले, म्हणजेच मिडीच्या परिभाषेत त्याला ११ क्रमांकाचा ‘एक्स्प्रेशन’ संदेश नेमून दिला, की ते चाक भात्याचे काम करू लागते. डाव्या हाताला त्याचे जुने काम परत मिळते. संवादिनीवादकासाठी कंट्रोलरची निवड करताना पट्ट्यांइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, लक्ष या डाव्या बाजूकडे द्यावयास हवे, हे प्रस्तुत विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आहे.

५. निवडीचे निकष

५.१ पट्ट्यांची संख्या व रुंदी : कंट्रोलर सामान्यतः २५, ३७, ४९, ६१, ७६ व ८८ पट्ट्यांचे मिळतात. २५ पट्ट्या म्हणजे दोन सप्तके, ३७ म्हणजे तीन, ४९ म्हणजे चार आणि ६१ म्हणजे पाच. नेहमीची हातपेटी तीन ते साडेतीन सप्तकांची असते. मंद्र पंचमापासून तार पंचमापर्यंत जाणाऱ्या चालीला नेमकी दोन सप्तके लागतात. म्हणजे २५ पट्ट्यांवर ती कशीबशी मावते, तीही षड्ज सोयीच्या जागी आला तरच. लहान कंट्रोलरवर सप्तक बदलण्याचे बटण असते हे खरे, परंतु ते दाबण्यासाठी डावा हात चाकावरून काढावा लागतो व भाता थांबतो. म्हणून एका हाताने वाजविणाऱ्यासाठी ३७ वा ४९ पट्ट्या पुरेशा ठरतात. संगीत नाटकांच्या साथीतील पायपेटी किंवा ऑर्गनप्रमाणे दोन्ही हातांनी वाजविणाऱ्यास मात्र ६१ पट्ट्यांची आवश्यकता भासते. ८८ पट्ट्या पियानोच्या अभ्यासाकरिता आहेत.

संख्येइतकीच रुंदीही महत्त्वाची आहे. पियानोच्या एका सप्तकाची रुंदी सुमारे १६५ मिलिमीटर असते. अनेक लहान कंट्रोलरवर ती बरीच कमी केलेली असते. विद्यार्थ्याच्या नित्याच्या पेटीवरील सप्तक आणि कंट्रोलरवरील सप्तक साध्या पट्टीने मोजून पाहिल्यास जलद तानांच्या वेळी बोटे चुकतील की नाही, याचा अंदाज येतो.

५.२ पट्टीचा दाब व वेगसंवेदन : पट्ट्यांची बनावट स्थूलमानाने तीन प्रकारची असते : स्प्रिंगवर चालणारी हलकी, मध्यम वजनाची, आणि पियानोप्रमाणे हातोडी असलेली जड. पेटीवर तयार झालेल्या हाताला हलकी किंवा मध्यम पट्टी जवळची वाटते. जड पट्टी महाग असते, यंत्राचे वजनही वाढविते, आणि संवादिनीवादकाच्या द्रुत हरकतींना ती अडथळाच ठरू शकते. अधिक किमतीची म्हणून ती अधिक योग्य, असे समीकरण येथे लागू पडत नाही.

वेगसंवेदनाच्या बाबतीत, ते आवश्यकतेनुसार बदलता यावे, हा निकष लावावा. पेटी, बासरी किंवा सारंगीचा ध्वनी वाजविताना वेग स्थिर ठेवण्याची सोय असल्यास सर्व स्वर एकसारखे उमटतात आणि चढउतार चाकाकडे राहतो. संतूर, पियानो वा तबल्याचा ध्वनी वाजविताना हेच संवेदन पुन्हा सुरू करणे अनिवार्य होते. पट्टी दाबून ठेवल्यानंतर तिच्यावर आणखी दाब दिला असता तो ओळखणारी ‘आफ्टरटच’ ही सोय असल्यास स्वर वाजल्यानंतरही त्याला वळण देता येते.

५.३ चाक, पट्टिका की दांडी : सर्वच यंत्रांत दोन स्वतंत्र चाके नसतात. काहींत चाकांऐवजी स्पर्शपट्टिका, तर काहींत दोन्ही कामांसाठी एकच लहान दांडी असते. बोट उचलताच मध्यस्थानी परतणारी दांडी स्वर क्षणभर डोलविण्यास ठीक आहे. भात्याचे काम मात्र तिला जमत नाही, कारण दाब एका पातळीवर धरून ठेवता येत नाही. याकरिता मॉड्युलेशनचे स्वतंत्र, आपल्या जागी थांबणारे चाक असणे श्रेयस्कर. एक्स्प्रेशन पेडल जोडण्याची सोय असल्यास हे काम पायाकडेही देता येते. पायपेटीची सवय असलेल्या वादकाला हा पर्याय अधिक मानवतो आणि त्याचे दोन्ही हात मोकळे राहतात.

५.४ ट्रान्स्पोज : गायकाचा सूर काळी १ असो, काळी ४ असो वा पांढरी ५, ट्रान्स्पोजच्या साहाय्याने वादकाला आपल्या सवयीच्या पट्टीवरूनच वाजविता येते. स्केलचेंजर पेटीचेच हे कार्य आहे. हे बटण यंत्राच्या दर्शनी भागावर असावे. अनेक कळा दाबून शोधावे लागणारे ट्रान्स्पोज साथीच्या वेळी निरुपयोगी ठरते.

५.५ जोडणी : आजचे बहुतेक कंट्रोलर यूएसबीद्वारे जोडले जातात व त्यातूनच त्यांना वीजही मिळते. यूएसबीवरील मिडीचे सर्वमान्य मानक १९९९ मध्ये निश्चित झाले. या मानकानुसार बनविलेले यंत्र स्वतंत्र ड्रायव्हर न बसविता चालते. ज्यांना उत्पादकाचाच ड्रायव्हर लागतो, ती यंत्रे संगणकाची कार्यप्रणाली बदलल्यावर निकामी ठरण्याचा संभव असतो. महाविद्यालयात वाद्य दीर्घकाळ वापरले जाते व मधल्या काळात संगणक बदलले जातात, ही वस्तुस्थिती पाहता हा निकष दुर्लक्षून चालणार नाही. विभागात जुना सिंथेसायझर असेल तर पाच पिनांचे मूळ मिडी निर्गमही यंत्रावर असावे.

६. मींडीचा प्रश्न

आकाशवाणीवर १९४० ते १९७१ या कालखंडात संवादिनीला बंदी होती. तिच्यावरील प्रमुख आक्षेप दोन होते : तिच्यातून मींड निघत नाही, आणि तिचे स्वर समविभागी असल्याने भारतीय संगीतातील सूक्ष्म स्वरस्थाने तिच्यात मिळत नाहीत. कंट्रोलरही पट्ट्यांचेच यंत्र असल्याने हे दोन्ही आक्षेप त्यालाही लागू होतात काय, याचा विचार येथे प्रस्तुत ठरतो.

मींडीच्या बाबतीत पिच बेंड व्हील हे अंशतः उत्तर आहे. सर्वसाधारणपणे या चाकाची मर्यादा वर दोन व खाली दोन अर्धस्वर एवढी ठेवलेली असते. म्हणजे षड्जावरून घेतलेली मींड शुद्ध रिषभापर्यंतच पोहोचते. गांधार, पंचम वा तार षड्ज गाठावयाचा असेल तर ध्वनिप्रणालीमध्ये ही मर्यादा सात वा बारा अर्धस्वरांपर्यंत वाढवावी लागते.

मर्यादा वाढविली की यंत्राची गुणवत्ता उघड होते. मिडी १.० मध्ये पिच बेंडकरिता १६,३८४ पायऱ्यांची तरतूद आहे. परंतु काही यंत्रे त्यांपैकी केवळ १२८ पायऱ्याच वापरतात. अर्धस्वराचे १०० भाग केले असता प्रत्येक भागास सेंट म्हणतात. दोन अर्धस्वरांच्या मर्यादेत १२८ पायऱ्यांची प्रत्येक पायरी सुमारे ३ सेंटची होते व ती सहसा खटकत नाही. बारा अर्धस्वरांच्या मर्यादेत मात्र तीच पायरी सुमारे १९ सेंटची होते. प्रमाणश्रुती सुमारे २१.५ सेंटची मानली जाते, हे पाहिल्यास या पायरीचा आकार ध्यानी येईल. अशा यंत्रावर मींड घसरत नाही, जिना उतरल्यासारखी तुटक ऐकू येते.

दुसरी मर्यादा संकेतप्रणालीची आहे. पिच बेंडचा संदेश एका चॅनेलमधील सर्वच स्वरांना लागू होतो. त्यामुळे त्याच चॅनेलवर षड्ज धरून ठेवून वर मींड घेऊ गेल्यास षड्जही सोबत सरकतो. मिडीमध्ये सोळा चॅनेल असल्याने तानपुऱ्याचा स्वर वेगळ्या चॅनेलवर ठेवणे हा यावरील सोपा उपाय होय. जानेवारी २०१८ मध्ये मान्यता मिळालेल्या ‘मिडी पॉलिफॉनिक एक्स्प्रेशन’ या विस्तारात प्रत्येक स्वराला स्वतंत्र चॅनेल देऊन ही अडचण मुळातून दूर केली आहे. त्यानुसार चालणाऱ्या काही यंत्रांवर बोट पट्टीवरच सरकवून मींड काढता येते. ही यंत्रे तुलनेने महाग आहेत आणि ध्वनिप्रणालीलाही हा विस्तार समजावा लागतो. विभागातील पहिल्या खरेदीसाठी ती अनिवार्य म्हणता येणार नाहीत.

७. श्रुतींचा प्रश्न

शुद्ध गांधार षड्जापासून ५:४ या प्रमाणात घेतल्यास तो सुमारे ३८६ सेंटवर येतो. समविभागी स्वरमालेत तो ४०० सेंटवर असतो. सुमारे १४ सेंटचा हा फरक तानपुऱ्याच्या पार्श्वभूमीवर कानाला जाणवतो. पेटीत हा फरक दूर करावयाचा तर स्वरपत्त्या घासून जुळवाव्या लागतात. कंट्रोलरच्या बाबतीत हा प्रश्न यंत्राचा नसतोच. यंत्र केवळ पट्टीचा क्रमांक पाठविते. त्या क्रमांकास कोणती कंपनसंख्या द्यावयाची, हे ध्वनिप्रणाली ठरविते. स्वरजुळणी बदलण्याची सोय असलेली प्रणाली निवडल्यास त्याच पट्ट्यांवर रागानुसार गांधार वा धैवत उतरविता येतो. सारांश, संवादिनीवरील दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर अधिक किमतीच्या कंट्रोलरमध्ये नसून योग्य प्रणालीत आहे. यासाठी यंत्रावर जादा खर्च करण्याचे कारण नाही.

८. विलंबाचा प्रश्न

पट्टी दाबणे आणि स्वर ऐकू येणे यांत अंतर पडल्यास लय सांभाळणे कठीण होते. याचा दोष बहुधा कंट्रोलरला दिला जातो. वस्तुतः पाच पिनांच्या मूळ मिडी जोडणीवरूनही एका स्वराचा संदेश सुमारे एका मिलिसेकंदात पोहोचतो. विलंबाचे मुख्य कारण संगणकातील ध्वनीचा साठा, म्हणजे बफर, हे असते. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या गतीने ५१२ नमुन्यांचा बफर सुमारे ११.६ मिलिसेकंदांचा, तर १२८ नमुन्यांचा सुमारे २.९ मिलिसेकंदांचा विलंब करतो. लहान बफर अखंडपणे चालण्यासाठी चांगला ऑडिओ इंटरफेस लागतो. मर्यादित अनुदानातून खरेदी करताना कंट्रोलरवरील शोभेचे नॉब व फेडर कमी करून ती रक्कम इंटरफेसकडे वळविणे अधिक हितावह ठरते.

९. खरेदीपूर्व चाचणी व दरपत्रक

संगणकावर मिडी संदेश आकड्यांत दाखविणाऱ्या विनामूल्य प्रणाली उपलब्ध आहेत. त्यांच्या साहाय्याने पुढील चाचण्या काही मिनिटांत करता येतात.

१) एकच पट्टी शक्य तितक्या सारख्या वेगाने दहा वेळा दाबावी. आकडे फार विखुरलेले आल्यास, अथवा शेजारच्या पट्ट्यांवर ठळक फरक आढळल्यास, संवेदन सदोष समजावे.
२) पिच बेंड व्हील अत्यंत सावकाश फिरवावे. आकडे दर वेळी १२८ ने उडी घेत असल्यास ते यंत्र १२८ पायऱ्यांचेच आहे.
३) मॉड्युलेशन व्हील मध्येच सोडून द्यावे. ते त्याच जागी थांबले पाहिजे व आकडाही स्थिर राहिला पाहिजे.
४) नित्याचा एक पलटा द्रुत लयीत वाजवून बोटांची सोय पाहावी. ही चाचणी खरेदी समितीऐवजी विद्यार्थ्याने करणे उचित.

महाविद्यालयीन खरेदीत दरपत्रके मागवून किमान दर स्वीकारण्याची पद्धत रूढ आहे. मागणीपत्रात ‘६१ पट्ट्यांचा कीबोर्ड’ एवढेच नमूद केल्यास त्या वर्णनात बसणारे सर्वांत स्वस्त यंत्र येते व ते नियमाला धरूनच येते. म्हणून तपशील नेमका असावा : ३७ वा ४९ पूर्ण रुंदीच्या पट्ट्या, वेगसंवेदन व ते स्थिर करण्याची सोय, पिच बेंड व मॉड्युलेशनची दोन स्वतंत्र चाके, पिच बेंडची पूर्ण १६,३८४ पायऱ्यांची क्षमता, एक्स्प्रेशन पेडलची जोडणी, दर्शनी ट्रान्स्पोज बटण, आणि स्वतंत्र ड्रायव्हरविना चालणारी यूएसबी जोडणी. एकाच यंत्रात या सर्व बाबी न मिळाल्यास पेडलची जोडणी व पट्ट्यांची संख्या यांत तडजोड करावी. स्वतंत्र चाकांत करू नये.

२०२० मध्ये मान्य झालेल्या मिडी २.० मध्ये वेग व नियंत्रण यांची सूक्ष्मता पुष्कळ वाढविली आहे. तथापि नवी प्रणाली जुन्या यंत्रांनाही सामावून घेते. त्यामुळे केवळ तिच्या प्रतीक्षेत आजची खरेदी लांबणीवर टाकण्याचे प्रयोजन नाही.

१०. निष्कर्ष

१) कंट्रोलर ध्वनी देत नाही; तो हाताची हालचाल सूचनांत रूपांतरित करतो. म्हणून निवडीचा आधार ध्वनी वा बटणे नसून वादकाच्या हाताच्या सवयी असाव्यात.
२) संवादिनीवादकाचा डावा हात स्वराचा चढउतार घडवितो. त्याला भात्याच्या जागी काम देणारे चाक वा पेडल ही प्राथमिक गरज आहे.
३) मींडीची गुणवत्ता पिच बेंडच्या सूक्ष्मतेवर, तर श्रुतींची अचूकता ध्वनिप्रणालीवर अवलंबून असते. या दोहोंची गल्लत केल्यास खर्च चुकीच्या ठिकाणी होतो.
४) विलंबाचे निराकरण बहुतांशी ऑडिओ इंटरफेस व बफरच्या योजनेत आहे.
५) दरपत्रकातील तपशील संगीत शिक्षकाने वादनाच्या दृष्टीने लिहिणे आवश्यक आहे, तो पुरवठादारावर सोपवू नये.

संवादिनी एकोणिसाव्या शतकात युरोपातून आली आणि येथील वादकांनी तिच्यावर आपला हात बसविला. कंट्रोलरच्या बाबतीत तसे घडावयाचे असेल तर निवडीच्या वेळीच येथील हाताचा विचार व्हावयास हवा. तो विचार करण्याची जबाबदारी प्राधान्याने संगीत विभागांची व त्यांतील अध्यापकांची आहे.